साहेबांच्या हातची सुपारी

पडदा वर जातो तेव्हा राजारामपुरीतली एक गल्ली दिसते. एका अंगाला दातांचा दवाखाना, दुसऱ्या अंगाला बारावीचे क्लास, आणि मधल्या रस्त्यावर दुचाक्यांची अशी दाटी की पायी चालणाऱ्याने अंग चोरूनच जावं. वैशाखातली सकाळ. ऊन अजून तिरकं, पिवळट, जुन्या थेटरात पहिल्या अंकाला सोडायचे तसं. समोर दुमजली घर. खाली विठाबाईंचं दूध-दह्याचं दुकान आणि त्यामागे त्यांचं बिऱ्हाड, वर लोखंडी कठड्याची गॅलरी. गॅलरीत वेताच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसलेले. साठीला टेकलेले, उंच, केस मागे वळवलेले. हातात चहाची बशी. तोंडाने एक शब्द नाही, पण गल्लीतला जाणारा-येणारा प्रत्येक माणूस मान वर करून त्यांच्याकडे बघतो आहे. काही नट असे असतात, रंगमंचावर नुसते बसले तरी प्रेक्षकांची नजर त्यांच्यावरून हलत नाही. फरक एवढाच की या गृहस्थांना आपल्याला कुठली भूमिका दिली आहे, याचा पत्ताच नव्हता.

खालून रिक्षावाल्या गुंडूने हाक दिली, "साहेब, च्या झाला का?"

"झाला रे."

गुंडू रिक्षातल्या प्रवाशाकडे वळला. "बघितलासा पावणं? दिल्लीतलं लढाई खात्याचं साहेब हायत ते. बहिणीच्या घरात बसून बशीनं च्या प्यायलाल्यात. लढाई व्हायची असती तर सोडलं असतं व्हय त्यास्नी? काय हुईत न्हाय. बिनघोर बसा."

रिक्षा गेली. साहेबांनी ते ऐकलं आणि बशी खाली ठेवली.

त्या दिवसांत सीमेवर वातावरण तापलेलं होतं. टीव्हीवर रोज नकाशे दिसत, मिशा पिळणारी माणसं ओरडत. पण राजारामपुरीतल्या त्या गल्लीचा टीव्हीपेक्षा गॅलरीवर जास्त विश्वास होता. साहेब गॅलरीत दिसले की युद्ध नाही. एके दिवशी त्यांना सर्दी झाली आणि ते आतच झोपून राहिले, तर दुपारपर्यंत किराणा दुकानात तेलाच्या डब्यांसाठी रांग लागली.

साहेबांचं नाव संगमेश बाळाप्पा नेसरगी. मूळ गडहिंग्लजचे. वडील बाळाप्पांचं तिथे कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाने पाच वार कापड मागितलं तर बाळाप्पा आधी विचारत, कुणाला शिवायचंय, काय शिवायचंय, धुतल्यावर आटलं तर काय करणार? लोक हसत. म्हणत, बाळाप्पाकडे कापड घ्यायला जायचं म्हणजे साक्षीला गेल्यासारखं. पण त्या दुकानातलं कापड कधी कुणाला कमी पडलं नाही. पोराने दुकान घेतलं नाही, तो परीक्षा देऊन सरकारी नोकरीत गेला आणि चढत चढत संरक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर पोचला. पण बापाची विचारण्याची खोड तेवढी घेऊन गेला.

तीच खोड नडली. हिवाळा सरताना एक मोठी बैठक झाली. आत काय बोलणं झालं ते संगमेशरावांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ते सांगायचंही नसतं. एवढंच की सगळ्यांची भाषणं पाठ होती, सगळे एका सुरात होते, आणि यांनी मध्येच विचारलं, "पहिला घाव आपण घातला, ठीक. त्यानंतर काय? आणि थांबायचं कधी, ते कोण ठरवणार?" युद्ध नको असं ते म्हणाले नव्हते. प्रसंगी हत्यार उचलावं लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त पुढचा अंक लिहिलेला आहे का, ते हवं होतं.

नाटकात कुणी संहितेत नसलेलं वाक्य बोललं की एक क्षण सगळे गोठतात, तसं झालं. मग खुर्चीवरचे वडीलधारे गृहस्थ गोड हसले, "प्रश्न चांगला आहे, नेसरगी," म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

त्यानंतर त्यांना कुणी रागावलं नाही, बदली केली नाही. नुसतं बोलावणं थांबलं. टेबलावर येणारे कागद विरळ झाले. ते लिफ्टमध्ये शिरले की आतलं बोलणं हवापाण्यावर येई. एकदा सवयीने ते त्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तर वर्षानुवर्षं त्यांना सलाम करणारा पहारेकरी हळूच म्हणाला, "सर, आज आपलं नाव नाही." आणि फरशीकडे बघत राहिला. साहेबांपेक्षा तोच जास्त शरमला होता. मग एका कनिष्ठाने काळजीच्या सुरात सुचवलं, सर, आपली रजा किती साठलीय, जरा गावाकडे जाऊन या.

जुन्या नाटक कंपन्यांत मालकाची मर्जी गेलेल्या नटाला कुणी काढून टाकत नसे. त्याचा प्रवेश कापत. तो बिचारा रोज तोंडाला रंग लावून, झुपकेदार मिशी चिकटवून विंगेत उभा राही. घंटा होई, अंक सरे, पण त्याला हाक येत नसे. पाहणाऱ्याला वाटे, काय रुबाबदार राजा आहे! संगमेशरावांचं अगदी तसं झालं होतं. गल्ली त्यांच्याकडे बघून युद्ध होणार नाही म्हणत होती, आणि त्यांना स्वतःला मात्र रात्रंदिवस एकच शंका पोखरत होती, की आपल्याला घरी धाडलं ते युद्ध करायचं ठरल्यामुळेच तर नसेल?

हे त्यांनी बहिणीलाही सांगितलं नव्हतं. रत्नव्वा, त्यांची थोरली आक्का. कानडी-मराठीत सारखंच सपासप बोलणारी, धाकट्या भावाला अजून कानडीत तम्मा म्हणणारी बाई.

"तम्मा, रजा किती दिवसांची रे?" तिने आल्या दिवशीच विचारलं होतं.

"बघू, आक्का."

"बघू कोण म्हणतंय, सरकार का तू?"

ते हसले आणि विषय बदलला. गप्प राहणं सोपं होतं, कारण त्यांच्या खात्यात गप्प राहण्याला मान असतो. लोकांना वाटे, साहेब राष्ट्राचं गुपित पोटात ठेवून आहेत. ते आपलं स्वतःचंच ठेवून होते.

अशात एक दिवस खालच्या विठाबाई ताकाचा तांब्या घेऊन वर आल्या. नवरा गेल्यावर याच बाईने दुकान चालवून मुलाला वाढवलं होतं. मुलगा राजवीर फौजेत. तो थोड्या रजेवर आला होता आणि जयसिंगपूरच्या सयाजीरावांच्या अनुजाशी त्याची सोयरीक जमत आली होती. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, मुलाला पसंत, मुलाच्या आईला त्याहून पसंत.

"साहेब, रविवारी आमच्यात सुपारी फोडायची हाय," विठाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातानं फोडायची. न्हाय म्हणायचं न्हाय."

आपल्याकडे लग्न ठरलं याची खूण म्हणून चारचौघांत सुपारी फोडतात, आणि फोडायचा मान बैठकीतल्या वजनदार माणसाचा. संगमेशरावांनी आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांचं नाव घेऊन त्यांना बैठकीला बोलावलं होतं. त्या भरात विठाबाईंची नजर खाली का आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. बाळाप्पांच्या पोराची खोड नेमकी त्या दिवशी झोपली होती.

रविवारी दुकानामागच्या खोलीत जाजम अंथरलं होतं. भिंतीकडेने पुरुष मंडळी, स्वयंपाकघराच्या दारात बायका, आतून मसालेभाताचा वास. गुंडू नवे कपडे घालून सगळ्यांना पाणी देत होता. मधोमध ताटात नारळ, हळकुंड, सुपारी आणि पितळी बत्ता. ताटासमोर साहेबांना पाट, पाठीशी लोड. सयाजीराव त्यांच्यासमोर बसले होते. मोटारपंपांचे व्यापारी, आवाज पंपापेक्षा मोठा.

बत्ता साहेबांच्या हातात दिला गेला, आणि सयाजीराव उठून उभे राहिले.

"मंडळी, सुपारी फुटायच्या आदी येक उघड बोलतो. मी ह्या सोयरिकीला थांबा म्हटलोतो. पोरगा सोन्यासारखा हाय, त्यात वाद न्हाय. पण माझी थोरली भण फौजीला दिलीती. मागच्या लढाईत त्यो गेला. हळद निघाली न्हवती तिची. आजबी माझ्याच घरात हाय, तिचं तोंड रोज बघतो मी. तवा म्हटलं, ही धामधूम सरू दे, मग बघू."

 सयाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि आवाज चढवला.

"पण विठाबाई म्हणल्या, लढाई खात्याचं साहेब सवता सुपारी फोडणार हायत. मग म्हटलं, सपलं! साहेबांस्नी सगळं म्हाईत असतंय. लढाई होणार असंल तर त्यो माणूस फौजीच्या लग्नाची सुपारी फोडंल व्हय? सुपारी फुटली म्हंजे सरकारचा सबुद! फोडा साहेब!"

"फोडा साहेब!" गुंडू ओरडला. टाळ्या पडल्या.

संगमेशरावांनी विठाबाईंकडे बघितलं. विठाबाई पदराचा काठ निरखत होत्या. दारापाशी राजवीर उभा होता, हात पाठीमागे, फौजेत उभं राहतात तसा. त्याच्या मागे, बायकांच्याही मागे, एक निळी साडी दिसत होती. चेहरा दिसत नव्हता.

हातातला बत्ता जड झाला. एक घाव घालायचा, बस्स. कुणाला काय कळणार होतं? युद्ध झालं नाही तर साहेबांचा शब्द खरा ठरणार, दोन घरं सुखी होणार. नाही फोडली तर चांगली जमलेली सोयरीक आपल्या हातून मोडणार. आणि झालंच युद्ध, तर त्या सयाजीरावांच्या घरात दुसरं एक तोंड रोज दिसणार, आणि ते म्हणणार, साहेबांनी सांगितलं म्हणून दिली. उरलेलं आयुष्य या माणसाच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही.

त्यांनी बत्ता ताटात ठेवला.

"सयाजीराव, ही सुपारी मला फोडता येणार नाही."

एकच कल्लोळ उठला. "म्हंजे लढाई होणार!" कुणीतरी किंचाळलं. "साहेबांनी खूण दिली!" एकाने लगेच खिशातून फोन काढला.

"थांबा, थांबा! खूण-बिण काही नाही. होणार असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. मला माहीत नाही."

सयाजीराव समजूतदार हसले. "गुपित हाय. कळलं की."

"गुपित नाही हो. खरंच माहीत नाही. हे जिथं ठरतं, तिथं मला आता बोलवत नाहीत. नको तिथं एक प्रश्न विचारला, तेव्हापासून मी दाराबाहेर आहे. आतलं काही मी सांगणार नाही, सांगायचं नसतं. पण मी बाहेर आहे, एवढं सांगायला कुणाची बंदी नाही." त्यांनी मान वळवली. "आक्का, तुलाही सांगितलं नव्हतं. काम नाही म्हणून रजेवर आलोय मी."

रत्नव्वा दारात उभी होती.  तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

 मग गुंडू पाण्याचा जग तसाच धरून म्हणाला, "म्हंजे साहेब... तुमास्नीबी टीव्हीवरच कळणार?"

"हो गुंडू. तुझ्याबरोबरच."

"आन् मी आख्ख्या स्टँडावर सांगत सुटलोय की!"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी खोली हसली. संगमेशरावही हसले. किती दिवसांनी छातीतून हसू आलं होतं, त्यांनाच नवल वाटलं. हसले नाहीत ते सयाजीराव.

"विठाबाई, हे काय बरं केलं न्हाईसा. फशिवलंसा मला."

विठाबाई उसळल्या. "मला तरी काय म्हाईत? गॅलरीत बसल्याला एवढा मोठा माणूस बघितला, मला वाटलं सगळं त्यास्नी ठावं असंल! पोराचं घर हुतंय म्हणून जीव लावला, त्यात फशिवलं काय?" मग त्या साहेबांकडे वळल्या, डोळे भरलेले. "आन् दादा, गपचिप फोडली असतीसा तर काय बिघडलं असतं?"

"माझं काही बिघडलं नसतं, विठाबाई. तुमचंही नसतं. पण जिचं बिघडायचं ती तिकडं बायकांच्या मागं उभी आहे, आणि मी इथं लोडाला टेकून तिचं ठरवतोय."  त्यांनी निळ्या साडीकडे बघितलं. "मला खोलीबाहेर ठेवलं, तर मला केवढं लागलं! तिला विचारलंय का कुणी?"

"पोरीला काय इचारायचं?" सयाजीराव तडकले. "तिला लढाईतलं काय कळतंय?"

"सयाजीराव," रत्नव्वा दारातून म्हणाली, "आमच्या तम्माला तरी आता कुठं काय कळतंय? त्याला विचारलंसाच की!"

पुन्हा हशा. त्या हशातच बायका बाजूला झाल्या आणि अनुजा पुढे आली. घाबरलेली होती, बोटांनी साडीची निरी घट्ट धरलेली. पण आवाज बापाचाच होता.

"बाबा, लढाई होणार का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. पण ह्यांच्या फोनची वाट मी आत्ताबी बघतीया. तुमच्या घरात बसून, चोरून. लगीन थांबवलं म्हणून ते थांबणार हाय व्हय? काय वंगाळ व्हायचंच असलं तर खबर आधी कुठं यील? जयसिंगपुरात न्हाई यायची. इथं यील, ह्यांच्या आईकडं. त्या एकट्या असतील. मला त्यांच्याजवळ असायचंय."

विठाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आन् बाबा," अनुजा हळू म्हणाली, "थोरल्या आत्याला तुमी एवढ्या वर्षांत कधी इचारलंसा का, लगीन केल्याचं वाईट वाटतंय का म्हणून?"

  सयाजीराव हळूहळू खाली बसले, मोठं ओझं कुणी हात लावून उतरवावं तसे. "न्हाय," ते म्हणाले. "तेवढं ऱ्हायलंच की माझ्याकडनं."

 मग त्यांनी मान वर करून दारातल्या राजवीरला विचारलं, "पावणं, रजा कवापातूर?"

"फोन आला की निघायचं, मामा. आजबी यील, उद्याबी यील."

"मग तारीख कशाला धरायची?" सयाजीरावांनी मांडीवर थाप मारली. पंप सुरू झाला. "यादी पे शादी! आजच उरकायचं! गुंडू, रिक्षा काढ!"

लग्न ठरवायला जमावं आणि त्याच बैठकीत लग्न लावूनच उठावं, ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. आणि मग जी धावपळ उडाली, ती पहिल्या रात्रीच्या प्रयोगाला पडदा उघडायच्या आधी उडते तशीच! गुंडूने भटजींना जेवणाच्या ताटावरून उठवून आणलं. हारवाला मिळाला, पण त्याच्याकडे उरलेले दोन हार एकसारखे नव्हते. एक झेंडूचा, एक शेवंतीचा. राजवीरचा फेटा तालमीतल्या कुणीतरी बांधला आणि इतका घट्ट बांधला की नवरदेवाच्या भुवया वर चढून तो सगळ्या लग्नात आश्चर्यचकित दिसत होता. रत्नव्वाने वर जाऊन आपली जपून ठेवलेली इरकल काढली आणि अनुजाच्या खांद्यावर टाकली. "घे. मला आता कुठं नेसायचीय?" सयाजीरावांनी गाडी पाठवून थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत अक्षता पडू द्यायच्या नाहीत, असं त्यांनी भटजींना दम देऊन सांगितलं.

सुपारी तेवढी राहिली होती. सयाजीरावांनी बत्ता उचलला आणि पुन्हा साहेबांपुढे धरला.

"आता फोडा. आता हिच्यात सरकार न्हाय."

संगमेशरावांनी बत्ता हाणला. सुपारी टुणकन उडाली आणि कपाटाखाली गेली. "साहेब, नेम धरा की!" कुणीतरी ओरडलं, आणि लढाई खात्याचे साहेब जाजमावर पालथे पडून कपाटाखाली हात घालू लागले. सुपारी हाती लागली. दुसऱ्या घावाला फुटली.

लग्न लागलं. दुपार कलता कलता पंगत बसली. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. सयाजीरावांची बहीण नव्या नवरीला घास भरवत होती आणि त्या दोघी एकमेकींच्या कानात काहीतरी बोलत होत्या. सयाजीराव तिकडे बघत साहेबांच्या शेजारी मांडी घालून बसले होते. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"साहेब, येक इचारू? राग मानू नगासा."

"विचारा."

"रजा सपल्यावर तिकडं जाऊन करणार काय? कुणी बोलवत न्हाय म्हणतासा."

भात वाढत आलेल्या रत्नव्वाचा हात तिथेच थांबला. संगमेशरावांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली, रिकामी केली, पालथ्या हाताने ओठ पुसले.

"जाऊन बसणार की, सयाजीराव. उद्या कुणाला विचारावंसं वाटलंच, तर जाग्यावर माणूस नको व्हय?"